पट्टी कुठली?

आमच्या बेळगावकडचा माणूस गाण्यात गळ्याला मान देतो. द्यावाच. कुमार गंधर्व १९२४ साली इथून जवळच्या सुळेभावीत जन्मले. धारवाड-हुबळीकडे वळलं की मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, पुढे गदगकडचे भीमसेन जोशी. गळ्याच्या पाठोपाठ पेटीला आणि तबल्याला मान. ऑर्केस्ट्रा असला तर ढोलकीवाल्याचं आणि कीबोर्डवाल्याचं नाव निवेदक दोनदा घेतो. या सगळ्यांच्या मागे, ड्रमसेटच्या अगदी लगत, लांब मानेची चार तारांची गिटार गळ्यात अडकवून एक माणूस उभा असतो. त्याच्याबद्दल मला लिहायचं आहे. माझे मामा बेस गिटार वाजवतात.

दिवसा उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर आणि रात्री ऑर्केस्ट्रात, असं त्यांचं बहुतेक आयुष्य गेलं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, गोकाक, कधी चोर्ला घाट उतरून गोवा, कधी कोल्हापूर. गणपती, जत्रा, लग्न, कुणाच्या नातवाचा पहिला वाढदिवस, मिलिटरीच्या मेसमधली एकतीस डिसेंबरची पार्टी, कॅम्पातल्या चर्चमधला नाताळ. बेळगावच्या शहापुरात ज्याला ऑर्केस्ट्रा म्हणतात तोच गोकाककडे गेला की 'रसमंजरी' होतो. बॅनर कन्नड, निवेदक कन्नड, अर्धे वादक तेच. मालक बदलायचे, गायक बदलायचे, बेसला मामाच. सुपारीचा फोन आला की पैशाचं बोलणं नंतर. आधी दोन प्रश्न: ढोलकीला कोण हाय? आणि गायकाची पट्टी कुठली? पट्टी म्हणजे गायक पेटीच्या कुठल्या स्वराला सा धरून गातो ते.

बेसकडे ते ठरवून आले नाहीत. तरुणपणी ते साधी गिटार वाजवायचे आणि त्या काळी प्रत्येक गल्लीत गिटार वाजवणारा एक तरी असायचाच. ज्या ऑर्केस्ट्रात ते शिरले तिथे गिटारवाले तीन आणि बेसला कोणीच नाही. मालकाने सांगितलं, तू बेस धर, नाहीतर पुढच्या सीझनला बघू. मामांनी बेस धरला. अमेरिकेतल्या कॅरोल के यांची गोष्ट मी पुढे वाचली तेव्हा मला मामाच आठवले. १९३५ सालचा जन्म, मूळच्या जॅझ गिटारवादक. १९६३ साली हॉलिवूडमधल्या एका रेकॉर्डिंगला बेसवाला आलाच नाही, म्हणून यांच्या हातात बेस दिला गेला. पुढच्या काही वर्षांत बीच बॉइज या गाणाऱ्या गटापासून सिनेमा-टीव्हीच्या पार्श्वसंगीतापर्यंत कितीतरी ठिकाणी त्यांचाच बेस वाजला. दुसऱ्या कुणाच्या गैरहजेरीतून हातात आलेलं वाद्य माणूस असं आपलं करून घेऊ शकतो, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

वाद्याबद्दल थोडं सांगतो. खाली जाणाऱ्या स्वरांसाठी पूर्वी डबल बेस असायचा, माणसापेक्षा उंच, बसच्या टपावर टाकूनही नेता येणार नाही असा. अमेरिकेतल्या लिओ फेंडर यांनी १९५१ साली गिटारसारखा गळ्यात अडकवायचा, मानेवर पडदे (स्वरांच्या जागा दाखवणाऱ्या आडव्या पट्ट्या) असलेला विजेवरचा बेस बाजारात आणला आणि वादकाला एका हाताने वाद्य उचलून गाडीत बसता येऊ लागलं. मामांचा बेस म्हापशातल्या एका म्हाताऱ्या वादकाकडून घेतलेला, सेकंडहँड. त्याच्या ब्रिजवरचा, म्हणजे तारा जिथे टेकतात तिथला, एक खोबणीचा तुकडा झिजून तार घसरायची. मामांनी जेवणाच्या सुट्टीत लेथवर पितळेचा नवा तुकडा कातून काढला, कानशीने खोबण केली आणि बसवला. तो अजून तसाच आहे. तीन तुकडे पांढरे, एक पिवळा. त्या एका तारेचा आवाज किंचित जास्त टिकतो, असं मामा म्हणतात आणि मलाही तसंच ऐकू येतं.

तारांचं वेगळंच. बेसच्या तारा महाग, आणि चांगल्या हव्या असतील तर गोव्याहून किंवा मुंबईहून मागवाव्या लागायच्या. घामाने आणि धुळीने त्यांच्या वेटोळ्यांत मळ बसला की आवाज बसतो. मग रविवारी सकाळी मामा चारही तारा काढून, सैल गुंडाळून, पाण्याच्या पातेल्यात चमचाभर खायचा सोडा टाकून उकळत ठेवायचे. पाणी हळूहळू करडं व्हायचं. दहा मिनिटांनी चिमट्याने बाहेर काढून जुन्या पंच्यावर पुसायच्या, उन्हात पाटावर ठेवायच्या. मामी म्हणायच्या, "दुधाचं पातेलं तेवढं घेऊ नका हो." त्याच तारा संध्याकाळी खणखणीत बोलायच्या. महिना दोन महिने तरी निभायचं.

शिकणंही असंच मिळेल तिथून. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, त्यामुळे कॅम्पात लष्करी बँडातून निवृत्त झालेले वादक राहायचे. त्यांतल्या एकांनी मामांना स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर स्वर लिहायची पाश्चात्य पद्धत, शिकवलं. ते स्वतः ब्रासमधलं मोठं, खर्जातलं वाद्य वाजवायचे, त्यामुळे त्यांनी शिकवायला सुरुवातच केली बेस क्लेफपासून, म्हणजे खालच्या स्वरांसाठीच्या खुणेपासून, वरून दुसरी रेघ कुठली आणि तिथे 'एफ' का बसतो इथपासून. ऑर्केस्ट्रात कुणालाच ते वाचता येत नव्हतं आणि तिथे त्याची गरजही नव्हती. पण चर्चच्या कॉयरला माणूस हवा होता, आणि चार आवाजांचं छापील स्तोत्र बघून सर्वांत खालची ओळ वाजवेल असा माणूस त्या वेळी सहज मिळत नव्हता. एका हिंदू साळ्याच्या मुलाने नाताळची मध्यरात्रीची प्रार्थना वाजवायला सुरुवात केली ती अशी.

आता पट्टीचं. बाहेरच्याला वाटतं बेसवाल्याला काय, चार तारा आणि गाण्याबरोबर ठों ठों. बेसची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४१ कंपनांवर, लागते, त्यावरच्या ५५, ७३ आणि ९८ वर. गाणारी बाई काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून, गात असेल तर सा खालच्या तारेवर चौथ्या पडद्यावर मिळतो, ५२ हर्ट्झच्या आसपास. खोल, भरलेला. गाणारा पुरुष काळी एक मागतो तेव्हा तो खालचा सा चार तारांच्या बेसवर नाहीच. तिथे दुसऱ्या तारेवरचा, ६९ हर्ट्झचा सा घ्यावा लागतो आणि त्याच्याखाली जायचं तर खालचा पंचम गाठायचा. म्हणजे तीच चाल, तोच अभंग, पण पट्टी बदलली की बेसचं चालणंच बदलतं. काळी चारला जी ओळ वरून खाली उतरत सावर येऊन बसते, ती काळी एकला खालून वर चढून सावर यावी लागते. गायकाने ऐन स्टेजवर "अर्धा स्वर खाली घ्या" म्हटलं की कीबोर्डवाला ट्रान्सपोजचं बटण दाबतो. मामांना बटण नाही. टाळ्या थांबायच्या आत त्यांना अख्खं गाणं नव्याने आखावं लागतं.

अभंगाच्या वेळचं त्यांचं वाजवणं मी सर्वांत जवळून बघितलं आहे. भजनी ठेका आठ मात्रांचा. मामा समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, सा देतात आणि हात उचलतात. पुढच्या तीन मात्रा मोकळ्या. पखवाजवाल्याने डाव्या तोंडावर कणीक लावून जो घुमारा तयार केलेला असतो, त्याला त्या मोकळ्या जागेत बोलू द्यायचं. पाचव्या मात्रेवर कधी पंचम, कधी परत सा. भूपातला अभंग असला की आणखी एक सांभाळावं लागतं. भूपात मध्यम आणि निषाद नाहीत. पण सिनेमाच्या गाण्यांवर हात बसलेला गिटारवाला सवयीने मध्यमाचा कॉर्ड (मध्यम, धैवत आणि सा एकत्र) लावतोच. अशा वेळी कॉर्डचा पायाभूत स्वर म्हणून बेसने मध्यम दिला तर रागाचा पायाच हलतो. मामा तिथे धैवत देतात. कॉर्डमध्ये धैवत आहेच, त्यामुळे गिटारवाल्याशी भांडण होत नाही. आणि भूपातही तो आहे, त्यामुळे गाणारा बुवा अडखळत नाही. चोरून लावलेला मध्यम वरच्या वर विरून जातो. हे कुठल्या पुस्तकातून आलं म्हणून मी विचारलं होतं. मामा म्हणाले, "बुवांचं तोंड वाकडं झालं की कळतंय की रे."

लावणीला हे सगळं बाजूला. तिथे केरवा धावतो आणि ढोलकीवाला डाव्या तोंडावर तळवा घासून स्वर वर ओढतो. त्या ओढीबरोबर मामा तारेवरून बोट सरकवत नेतात, दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून जमिनीतून येतात. म्हणून ढोलकीला कोण हा प्रश्न आधी. रसमंजरीत जानपद, म्हणजे कन्नड लोकगीतं, येतात. त्यांतल्या कितीतरींचा झोका सहा मात्रांचा, तिथे बेसवाल्याने घाई केली की नाचणारे सगळे अडखळतात. मामांचं कन्नड बाजारापुरतं आहे, पण ओळ कुठे संपते आणि गायक श्वास कुठे घेतो हे त्यांना शब्दाशब्दाला माहीत असतं. श्वासाच्या जागी बेस थोडा पुढे येतो, ओळ सुरू झाली की मागे जातो. कन्नड गायकांनी मामांना आवर्जून मागून घ्यावं ते यासाठी.

आणि चर्च. दगडी भिंती, उंच छत, आवाज कितीतरी वेळ घुमत राहणार. तिथे मामा तारेवर तळव्याची कड ठेवून प्रत्येक स्वर आखूड तोडतात, नाहीतर मागचा स्वर पुढच्यात सांडतो. उलट जत्रेच्या माळावर भिंतच नाही. ४१ हर्ट्झच्या स्वराची एक लाट हवेत आठ मीटरहून लांब. उघड्यावर लहान स्पीकरवर ती बनतच नाही, माणसांपर्यंत पोचायची गोष्टच दूर. म्हणून माळावर ते सगळं एक सप्तक वर वाजवतात. डॉल्बीच्या भिंती आल्यावर परत खाली उतरले.

एक नोव्हेंबरबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्या दिवशी शहरात एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि एकीकडे सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस. १९५६ पासूनचं हे दुखणं आमच्या घरातही आहेच, आजोबांच्या पिढीने सत्याग्रह बघितलेले आहेत. राज्योत्सवाच्या रसमंजरीची सुपारी पैशाने चांगली असायची. मामांनी ती कधी घेतली नाही. आणि दोन नोव्हेंबरला त्याच कन्नड वादकांबरोबर चिकोडीला लग्न वाजवायला गेले. त्या वादकांनीही कधी विचारलं नाही. मला वाटतं, त्यांच्यातला हा समजूतदारपणा आमच्या पुढाऱ्यांच्या सगळ्या भाषणांपेक्षा जास्त किमतीचा आहे.

मामांबद्दल गावात एक वाक्य ऐकू येतं: सगळं वाजवतात, पण एक काही धरून बसले नाहीत. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण मला ते वाक्य पटत नाही. एकच धरून बसायला मागे कुणीतरी उभं असावं लागतं. अमेरिकन बेसवादक जेम्स जेमरसन (१९३६–१९८३) यांच्या मागे डेट्रॉइटची मोटाउन ही रेकॉर्ड कंपनी होती. रोज त्याच खोलीत, त्याच सोबत्यांबरोबर, एकाच जातीचं संगीत. उजव्या हाताच्या फक्त तर्जनीने वाजवून त्यांनी बेसच्या ओळीला गाण्याइतकं महत्त्व आणून दिलं. तरी १९७१ मध्ये गायक मार्विन गे यांच्या अल्बमवर वादकांची नावं आली तोवर मोटाउनच्या वेष्टनांवर ती सहसा छापली जात नसत. बेळगावात अशी कंपनी नाही आणि होणारही नव्हती. इथे फक्त जॅझ, फक्त भजन किंवा फक्त लावणी वाजवून बेसवाल्याचं घर चाललं नसतं. मेमध्ये लग्नं, श्रावणात भजन, भाद्रपदात गणपती, डिसेंबरात चर्च, मग जत्रा. वर्षभर पोट भरायचं तर हे सगळं यायला हवं, आणि नुसतं येऊन चालत नाही. भजनातल्या माणसाला आपला वाटला पाहिजे आणि चर्चमधल्यालाही. या गरजेतून जे ज्ञान तयार होतं ते दुय्यम कसं?

अमेरिकन बेसवादक रॉन कार्टर यांच्याकडे बघा. जन्म १९३७, लहानपणी चेलो शिकले, मग डबल बेस. १९६३ ते १९६८ जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या पाच जणांच्या गटात. तिथे थांबले असते तरी इतिहासात नाव राहिलं असतं. पण ते शास्त्रीय वाजवत राहिले, ब्राझीलचं वाजवलं, १९९१ मध्ये अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या हिपहॉप गटाच्या अल्बमवर वाजवलं. २०१५ साली गिनेसने त्यांच्या नावावर २,२२१ ध्वनिमुद्रणांचा विक्रम नोंदवला. त्यांना कुणी म्हणत नाही की सगळ्यातलं थोडं थोडं येतं. त्यांच्या अष्टपैलूपणाला २,२२१ साक्षीदार आहेत. मामांच्या अष्टपैलूपणाला एकही नाही. मी या लेखाला बसलो ते त्या एका गोष्टीसाठी.

साक्षीदार का नाहीत? बेसवाल्याची जागा यंत्राने घ्यावी ही कल्पना जुनी आहे. रोलँड या जपानी कंपनीने १९८१ मध्ये टीबी-३०३ नावाची, बेसच्या ओळी आपोआप वाजवणारी लहानशी पेटी काढली. बेसवाला सोबत नसलेल्या गिटारवाल्याने सरावाला वापरावी म्हणून. ती चालली नाही, १९८४ मध्ये उत्पादन थांबलं. गंमत म्हणजे तिचा सर्वांत धाडसी उपयोग मुंबईत झाला: हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये तीच पेटी घेऊन दहा रागांचा एक अल्बम केला, जो जगाला जवळपास तीस वर्षांनी कळला. बेळगावात ती पेटी आलीच नाही. इथे आला कीबोर्ड. डाव्या हाताने कॉर्ड धरला की बेस आपोआप वाजतो. मालकाला एका माणसाचं मानधन, जेवण आणि गाडीतली जागा वाचते. मग ट्रॅक आले. पेनड्राइव्हवर अख्खा वाद्यवृंद आणि वर फक्त गायक. २०२० च्या उन्हाळ्यात लग्नंच थांबली आणि कार्यक्रम परत सुरू झाले तेव्हा कितीतरी ऑर्केस्ट्रांनी बेसवाल्याला परत बोलावलंच नाही. चर्चने बोलावलं. भजनी मंडळाने बोलावलं. त्यावर आता मामांचं चालतं, आणि पीएफवर.

आणि जे कार्यक्रम झाले त्यांचे व्हिडिओ? आहेत, भरपूर आहेत. लोकांनी मोबाइलवर घेतलेले. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून शंभर हर्ट्झच्या खालचं जवळपास काहीच बाहेर येत नाही, आणि मामांचं बहुतेक सगळं वाजवणं नेमकं तिथे. गायक ऐकू येतो, ऑक्टोपॅड ऐकू येतो, शिट्ट्या तर येतातच. मामा दिसतात, बोटं चालताना दिसतात. त्यांच्या वाट्याचं कान वरच्या स्वरांवरून अंदाजाने भरून काढतो. गोकाकच्या एका जत्रेचा व्हिडिओ मी चांगल्या हेडफोनवर लावून मामांना ऐकवला. बराच वेळ डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "तिसऱ्या कडव्याला तो ढोलकीवाला झोपलाय बघ." स्वतःबद्दल काहीच नाही.

म्हणून यंदा मी एक लहान ऑडिओ इंटरफेस घेतला आणि त्यांच्या बेसची वायर सरळ लॅपटॉपला जोडली. माझ्या मनात यादी होती: एकच अभंग काळी चार आणि काळी एकमध्ये, भूपातली ती धैवताची जागा, लावणीतली ओढ, जानपदचा सहा मात्रांचा झोका, आणि स्तोत्राची सर्वांत खालची ओळ कागदावरून. मामा बेस घेऊन बसले, तारा लावल्या, पितळेच्या तुकड्यावरची तार दोनदा छेडून बघितली. मग हात मांडीवर ठेवला.

"एकटा बेस ऐकून काय करणार हैस तू?"

मी म्हटलं, नुसती तुमची ओळ हवी आहे, बाकीचं काही नको.

"माझी ओळ म्हणजे काय रे? त्यानं डाव्यावर काय दिलं त्यावर माझं ठरतंय. तो नसला तर मी कुठं सोडू आणि कुठं धरू?"

बोलणी बराच वेळ चालली. मेट्रोनोम चालेल का विचारलं, तो त्यांनी ऐकला आणि बंद करायला सांगितला. पखवाजाला वडगावचे एक जण यायला तयार आहेत; ढोलकीला मामांना हवा असलेला माणूस एकच, तो सध्या सौंदत्तीकडे कार्यक्रमाला गेलाय आणि सोमवारी परत येतो. गाणारा कोण हे अजून ठरायचं आहे. मामांनी त्याचीही अट घातली आहे: ट्रॅकवर गाणारा नको, आणि आदल्या दिवशी पट्टी कळवणारा हवा.